निळ्या विमानाच्या मनातली शंका

माझा भाचा ऐरोलीला राहतो. त्याच्या अभ्यासाच्या टेबलावर तीन लढाऊ विमानं ओळीने उभी असतात. एक राखाडी-लाल, एक निळं, एक काळं-जांभळं. नाक खाली दुमडलं, कॉकपिट छातीवर आलं, शेपटीकडचा भाग फाकवून पाय केले की विमानाचा रोबो होतो. ट्रान्सफॉर्मर्स या रूप बदलणाऱ्या रोबोंच्या खेळण्यांच्या आणि कार्टूनच्या मालिकेतले हे तीन खलनायक, स्टारस्क्रीम, थंडरक्रॅकर आणि स्कायवार्प. तिघंही डिसेप्टिकॉन, म्हणजे दुष्ट रोबोंच्या टोळीतले.

मागच्या महिन्यात गेलो तेव्हा तो जरा हिरमुसला होता. मित्राने त्याला चिडवलं होतं, "एकच खेळणं आहे ते. कंपनीने रंग बदलून तुझ्याकडून तीनदा पैसे घेतले." भाचा मला म्हणाला, "मामा, तू मोल्डिंगवाला ना? तूच सांग, हे खरं आहे का?"

मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका मोल्डिंग युनिटमध्ये 22 वर्षं साचे बसवले आहेत. तिन्ही विमानं उलटी करून पाहिली. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला बारीक गोल ठसे असतात. वस्तू थंड झाल्यावर साच्यातल्या इजेक्टर पिना तिला बाहेर ढकलतात, त्यांच्या त्या खुणा. तिन्ही विमानांवर ठसे अगदी एकाच जागी होते. म्हटलं, खरं आहे. मित्र बरोबर बोलला. पण तो अर्धंच बोलला, आणि उरलेलं अर्धं त्या मधल्या निळ्या विमानात आहे.

आधी साच्याचं समजून घेऊ, कारण तिथूनच सगळं सुरू होतं.

प्लास्टिकची वस्तू दोन पोलादी अर्ध्यांच्या मधल्या पोकळीत घडते. एक कॅव्हिटी, एक कोअर. हॉपरमध्ये प्लास्टिकचा दाणा टाकायचा, तो गरम बॅरलमध्ये वितळतो, स्क्रू त्याला दाबाने साच्यात भरतो, पाणी फिरवून साचा थंड ठेवलेला असतो, काही सेकंदांत वस्तू घट्ट होते आणि साचा उघडतो. हा झाला एक शॉट. दाणा स्वस्त, शॉट झटपट. महाग असतो तो साचा. पोलाद कोरायचं, पॉलिश करायचं, दोन अर्ध्यांमध्ये केसाएवढी फट राहिली तरी कडेला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा येतो, त्याला आम्ही फ्लॅश म्हणतो, तो येऊ नये म्हणून पुन्हा पुन्हा बसवून बघायचं. आणि रूप बदलणाऱ्या खेळण्याला एक साचा पुरत नाही. पंख, मुठी, पाय, चाकं, सगळ्यांच्या पोकळ्या वेगळ्या, आणि प्रत्येक सांधा दुसऱ्यात बसला पाहिजे. त्या जुन्या विमानांत तर काही भाग धातूचे, ओतीव होते.

हिशेब सोपा आहे. समजा साच्यांचा खर्च 10 लाख रुपये आला आणि 50,000 नग विकले. प्रत्येक नगावर साच्याचे 20 रुपये चढले. त्याच साच्यातून दीड लाख नग काढले तर तेच ओझं पावणेसात रुपयांच्या आत येतं. पण एकाच मुलाला तेच विमान तीनदा कोण घेऊन देणार? म्हणून रंग बदलायचा. दाण्यात रंगाचे दाणे मिसळायचे, त्याला मास्टरबॅच म्हणतात. बॅरलमधून आधीचा रंग काढून टाकायचा, मधले दुरंगी, ढगाळ नग बाजूला टाकायचे, आणि नवा माल सुरू. आम्ही डब्यांची झाकणं करायचो तेव्हा फिकट रंगापासून सुरुवात करून काळा शेवटी घ्यायचो, म्हणजे बॅरल धुण्यात माल कमी वाया जातो. जांभळी नाक्यावर प्लास्टिकच्या दुकानांत एकाच घाटाच्या बादल्या सहा रंगांत टांगलेल्या दिसतात, त्यामागे हेच कारण आहे. बादलीला नाव लागत नाही. या विमानांना लागलं.

चालकाची रिकामी जागा

ही विमानं मुळात ट्रान्सफॉर्मर्सची नव्हतीच. जपानच्या ताकारा कंपनीची डायक्लोन नावाची खेळण्यांची मालिका 1980 मध्ये सुरू झाली. त्यातल्या यंत्रांना जीव नव्हता. ती माणसं चालवत. खेळण्यासोबत बोटाच्या पेराएवढा चालक यायचा, पायात चुंबक असलेला, आणि त्याला यंत्रात बसवायचं. विमान होतं खऱ्या एफ-15 ईगलच्या घाटाचं. हे अमेरिकन लढाऊ विमान 1972 मध्ये पहिल्यांदा उडालं होतं.

अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने ही खेळणी पाहिली, ताकाराशी करार केला आणि 1984 मध्ये वेगवेगळ्या मालिकांतली खेळणी एकत्र करून ट्रान्सफॉर्मर्स या नावाने विकायला काढली. तेव्हा एक मोठा बदल झाला, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातला हाच सर्वांत महत्त्वाचा बदल आहे. चालक काढून टाकला. आता यंत्रच जिवंत. ते सायबरट्रॉन ग्रहावरून आलेलं, त्याला स्वतःचं मन, स्वतःचा पक्ष, स्वतःचे हेवेदावे. साचे मात्र जुनेच, त्यामुळे विमानाचं कॉकपिट उघडलं की आत चालकाची जागा तशीच राहिली. भाच्याकडची विमानं जुन्या घाटावरून पुन्हा काढलेली आहेत. मी त्याला कॉकपिटची काच उचलून ती जागा दाखवली. इथे कोण बसायचं हे त्याला माहीत नव्हतं.

चालक गेला, म्हणजे त्या जागी काहीतरी भरायला हवं होतं. ते काम मार्व्हल कॉमिक्सकडे आलं. तिथले मुख्य संपादक जिम शूटर यांनी कथेचा आराखडा केला. नायकाचं ऑप्टिमस प्राइम हे नाव लेखक-संपादक डेनी ओनील यांनी सुचवलं. बाकीच्या बहुतेक पात्रांची नावं आणि स्वभाव लिहिले बॉब बुडियान्स्की या संपादकाने, 1983 च्या अखेरीस, अगदी थोड्या दिवसांत. त्यांच्यापुढे खेळण्यांची यादी होती आणि प्रत्येकाला एक नाव, एक काम, एक ब्रीदवाक्य आणि एका परिच्छेदाचा स्वभाव द्यायचा होता. हा मजकूर खेळण्याच्या खोक्याच्या मागे छापला जायचा.

आता त्यांची अडचण बघा. ट्रकवरून पात्र सुचतं, ट्रक भक्कम, ओझं वाहणारा. कॅसेटचा टेप रेकॉर्डर असेल तर तो चोरून ऐकणारा. पण तीन विमानं एकाच अंगाची! तेच पंख, तीच छाती, तीच क्षेपणास्त्रं. शरीरावरून काहीच सुचत नाही. फरक करायचा तर तो मनातच करावा लागणार होता.

त्यांनी तो असा केला. स्टारस्क्रीम महत्त्वाकांक्षी, त्याला म्होरक्या मेगाट्रॉनची जागा हवी. स्कायवार्प खोडसाळ, आपल्याच साथीदारांच्या क्रूर खोड्या काढणारा, फारसा हुशार नाही, मेगाट्रॉनचं लक्ष नसेल तर निरुपयोगी. त्याच्याकडे क्षणात दुसरीकडे प्रकट होण्याची विद्या, पल्ला अडीच मैल, म्हणजे चार किलोमीटर. वागळे इस्टेटमध्ये अदृश्य होऊन ठाणे स्टेशनच्या पलीकडे निघेल इतका.

आणि तिसरा, निळा, थंडरक्रॅकर. त्याच्याबद्दल लिहिलं की ज्याला उडता येत नाही अशा प्रत्येकाला तो तुच्छ लेखतो. इथवर नेहमीचा खलनायक. पण पुढे एक ओळ आहे, की डिसेप्टिकॉनांचा पक्ष बरोबर आहे याची त्याला पुरती खात्री नाही. आणि त्याचा दुबळेपणा काय? शस्त्र नादुरुस्त होतं, इंजिन तापतं, असलं काही नाही. त्याच्या मनातली ही शंका कधीकधी त्याच्या कामात आड येते.

ही ओळ मी भाच्याला दोनदा वाचायला लावली. पाच-सात वर्षांच्या मुलांसाठी विकायच्या खेळण्याच्या खोक्यावर, पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला, कुणीतरी लिहिलं होतं की वाईट बाजूला उभा असलेला एक जण मनातून डळमळलेला आहे. तो बंड करत नाही, पळून जात नाही, हुकूम पाळतो. फक्त त्याला पटलेलं नाही.

खोक्यावर आणखी एक गंमत होती, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. ताकद, बुद्धी, वेग, चिवटपणा, हुद्दा, धैर्य, मारा आणि कौशल्य अशा आठ गुणांचा आलेख छापलेला असे, पण लाल रेघोट्यांच्या गिचमिडीखाली लपवलेला. सोबत लाल पारदर्शक प्लास्टिकची एक पट्टी मिळायची. ती वर ठेवली की आलेख दिसायचा. यात जादू नाही. लाल पट्टीतून फक्त लाल प्रकाश आरपार येतो. पांढरा कागदही लाल दिसतो आणि लाल गिचमिडही लाल, त्यामुळे ती कागदात विरून जाते. आलेखाची निळसर रेघ मात्र लाल प्रकाश परत पाठवत नाही, म्हणून ती काळपट होऊन उठून दिसते. लाल जिलेटिन पेपर घरी असेल तर लाल आणि निळ्या पेनाने करून बघा.

गडगडाट म्हणजे नेमकं काय

थंडरक्रॅकरचं अस्त्र म्हणजे त्याच्या नावातला कडकडाट. खोक्यावर त्याचा वेग ताशी 1500 मैल दिला आहे, म्हणजे सुमारे 2400 किलोमीटर, आणि तो कानठळ्या बसवणारा सोनिक बूम मुद्दाम काढू शकतो, 200 मैलांपर्यंत. ठाण्यावर गडगडला तर छत्रपती संभाजीनगरच्याही पुढे ऐकू जाईल. तेवढा पल्ला कल्पनेतला, पण सोनिक बूम खरा आहे आणि त्याबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे.

कोपरीच्या बाजूने खाडीवर उभं राहून मासेमारीची होडी जाताना पाहा. होडी हळू असेल तर पाण्याचे तरंग तिच्या पुढेही पसरतात. ती तरंगांपेक्षा जास्त वेगाने गेली की तरंगांना पुढे सरकायला सवड मिळत नाही. ते मागे साचत जातात आणि होडीच्या टोकापासून मागे पाचरीसारखी उंच लाट तयार होते. आपण काठावर असतो, होडी निघून जाते, आणि मग थोड्या वेळाने ती लाट आपल्या पायाशी येऊन आपटते.

हवेत तसंच होतं. जमिनीजवळ, साधारण हवामानात, आवाज ताशी सुमारे 1225 किलोमीटरने जातो. विमान त्याहून वेगाने गेलं की हवेतले दाबाचे तरंग एकावर एक चढतात आणि विमानामागे शंकूच्या आकाराची दाबलाट तयार होते. ती ज्याच्यावरून जाईल त्याला स्फोटासारखा आवाज येतो. गैरसमज असा की विमान आवाजाचा वेग ओलांडतं त्या एका क्षणी हा धमाका होतो. तसं नाही. जोवर ते त्या वेगाने उडतंय तोवर ती लाट त्याच्या मागे सतत ओढली जात असते. खालच्या प्रत्येक गावाला आपापल्या वेळी धमाका ऐकू येतो. वैमानिकाला मात्र तो ऐकू येत नाही, कारण शंकू त्याच्या मागे असतो. खऱ्या एफ-15 चा कमाल वेग आवाजाच्या अडीचपट सांगितला जातो, म्हणजे खोक्यावरचा आकडा खेळण्यासाठी फुगवलेला नाही. जो उडतो त्याला काही ऐकू येत नाही आणि खालचे कान धरतात, हे त्या गर्विष्ठ निळ्या विमानाला किती शोभतं!

रंग आधी, नाव मागून

कार्टून मालिका अमेरिकेत 17 सप्टेंबर 1984 ला सुरू झाली. तिघं एकसारखे का दिसतात याचं कारण कथेत दिलं आहे. रोबोंचं यान पृथ्वीवर कोसळतं, सगळे 40 लाख वर्षं निपचित पडून राहतात, मग यानातला संगणक जागा होतो, आजूबाजूची वाहनं टिपतो आणि रोबोंना तशी रूपं देतो. डिसेप्टिकॉनांत सर्वांत आधी जागा होतो तो स्कायवार्प, आणि त्याला लढाऊ विमानाचं रूप मिळतं. बाकी दोघांनाही तेच.

चित्रं काढणाऱ्यांसाठीही हे साच्यासारखंच होतं. एका शरीराचा आराखडा करायचा आणि रंग बदलायचे. त्यामुळे घोटाळेही झाले. बोलतो एक आणि रंग दुसऱ्याचा, असं त्या मालिकेत पुन्हा पुन्हा दिसतं. गर्दी दाखवायला याच घाटाचे आणखी रंगीत विमान-रोबो मागे उभे केले गेले, त्यांना नावंही नव्हती. सुरुवातीच्या भागात असाच एक पिवळसर दिसतो. प्रेक्षकांनी त्याला लक्षात ठेवलं, आणि बऱ्याच वर्षांनी त्याला सनस्टॉर्म हे नाव आणि स्वतःचं खेळणं मिळालं. या घाटाच्या सगळ्यांना सीकर म्हणतात, तो शब्दही चाहत्यांनी रुजवला आणि पुढे कंपनीने उचलला. 1985 मध्ये हाच साचा पुन्हा कामाला आला. पंख वगैरे बदलून रॅमजेट, डर्ज आणि थ्रस्ट असे तीन नवे खलनायक निघाले. साच्याच्या काही भागांत नवे तुकडे बसवून वेगळा माल काढणं आमच्याकडेही रोजचं होतं. अख्खा साचा नव्याने कोरण्यापेक्षा ते कितीतरी परवडतं.

पण मालिकेत थंडरक्रॅकरच्या शंकेला फारशी जागा मिळाली नाही. वीस-बावीस मिनिटांचा भाग, डझनावारी रोबो, प्रत्येकाचं खेळणं दाखवायचं. स्टारस्क्रीमची कारस्थानं कथेला पुढे नेतात, म्हणून त्याला संवाद मिळतात. मनातल्या मनात डळमळणारा माणूस पडद्यावर दाखवायला वेळ लागतो. 1986 च्या चित्रपटात तर युनिक्रॉन नावाचा ग्रहाएवढा राक्षस जखमी थंडरक्रॅकरचं रूप पालटून त्याचा स्कर्ज नावाचा नवाच रोबो बनवतो. दुकानात नवी खेळणी यायची होती, जुन्यांना जागा रिकामी करायची होती. ज्याच्या मनात शंका होती त्याचं मनच बदलून टाकलं, आणि कुणी हळहळलंही नाही. मला हे फार टोचतं.

ती ओळ मात्र पुठ्ठ्यावर राहिली. खोकी जपून ठेवणारी मुलं मोठी झाली, त्यांतली काही लिहायला लागली. 2008 पासून आयडीडब्ल्यू या प्रकाशनाने काढलेल्या कॉमिक्समध्ये डिसेप्टिकॉन न्यूयॉर्क जिंकतात. शहरावर टाकलेला अणुबॉम्ब अडवायला जातो तो थंडरक्रॅकर, आणि त्यासाठी त्याला गोळी घालतो तो स्कायवार्प. एका साच्यातून निघालेले दोघं, एक शंका घेणारा आणि एक कधीच न घेणारा. पुढे जॉन बार्बर या लेखकाच्या कथांत तो डिसेप्टिकॉनांपासून पुरता वेगळा झालेला दिसतो. तो पृथ्वीवर राहतो, चित्रपटांच्या पटकथा लिहायला शिकतो, आणि बस्टर नावाची एक कुत्री पाळतो. ज्याला उडता येत नाही त्याला तुच्छ लेखणारा, असं ज्याच्याबद्दल छापलं होतं, तो एका चारपायी, जमिनीवरच्या जिवाची काळजी घेताना दिसतो. या कथा लिहिणाऱ्यांनी नवीन काही लादलं असं मला वाटत नाही. बुडियान्स्कींनी दार किलकिलं ठेवलं होतं, हे त्यातून आत गेले.

स्टारस्क्रीमच्या बाबतीत असं झालं नाही, त्याचंही कारण उघड आहे. त्याचा स्वभाव पहिल्याच दिवशी पूर्ण होता. त्याला काय हवं हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे प्रत्येक नव्या मालिकेत तो तेच करतो, कट रचतो आणि पकडला जातो. थंडरक्रॅकरला काय हवं हे कुणीच सांगितलं नव्हतं. त्याला काय पटत नाही एवढंच सांगितलं होतं.

भाच्याला मी हे सगळं एका बैठकीत सांगितलं नाही. दोन रविवार गेले. मित्राला काय उत्तर द्यायचं ते त्याने स्वतःच ठरवलं. म्हणाला, "मी त्याला सांगितलं, अंग एकच आहे, बरोबर आहे तुझं. आता मागचं वाच."

परवा गेलो तेव्हा टेबलावर दोनच विमानं ओळीत होती. निळं खिडकीपाशी होतं, रोबो करून उभं केलेलं. त्याच्या पायाशी त्याने लहानपणीच्या प्राण्यांच्या डब्यातली रबराची कुत्री आणून ठेवली होती. मापाने ती फारच मोठी आहे, रोबोच्या गुडघ्यापर्यंत येते. कॉकपिटची काच उघडी होती.